घड्याळ नेमकं कुठे थांबवायचं?

हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी रेल्वे स्थानकातला फलाट १५०७ मीटर लांब आहे. मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून त्याचं कौतुक झालं. साध्या चालीने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला अठरा मिनिटं लागतात. समजा, त्याच्या पार शेवटी कुणी छातीत कळ येऊन कोसळलं. १०८ ला फोन गेला आणि रुग्णवाहिका सात मिनिटांत स्थानकाच्या दाराशी आली. नोंद होईल ती सात मिनिटांची. स्ट्रेचर घेऊन आत धावलेल्या ईएमटीला (रुग्णवाहिकेतल्या आपत्कालीन तंत्रज्ञाला) रुग्णापर्यंत पोचायला पुढे किती वेळ लागला, यासाठी स्वतंत्र रकाना नसेल, तर ती मिनिटं कुठेच उरत नाहीत.

हृदय बंद पडलेल्या माणसासाठी मात्र तीच मिनिटं मोलाची असतात. छाती दाबून रक्त फिरतं ठेवलं नाही आणि विजेचा झटकाही मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. टोरांटो परिसरात घरात हृदय बंद पडलेल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के जगले, तिसऱ्या आणि त्यावरच्या मजल्यांवरचे २.६ टक्के. शहर तेच आणि रुग्णवाहिकाही त्याच. वेळ जातो तो गाडी थांबल्यानंतर, लिफ्टपाशी आणि जिन्यात.

कर्नाटकात १०८ ची ‘आरोग्य कवच’ सेवा १ नोव्हेंबर २००८ पासून सुरू आहे. अशा सेवेत प्रत्येक कॉलमागे वेळांची एक माळ तयार होते: फोन उचलला कधी, पत्ता कळला कधी, गाडी नेमली कधी, पायलटने (इथे चालकाला पायलटच म्हणतात) ती हलवली कधी, ती घटनास्थळी पोचली कधी, रुग्णालयात पोचली कधी आणि मोकळी झाली कधी. सप्टेंबर २०२२ मध्ये तांत्रिक बिघाडामुळे राज्यभरातली ही सेवा विस्कळीत झाली, तेव्हा या अदृश्य यंत्रणेवर किती भार आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पण यंत्रणा सुरळीत चालू असतानाही त्या माळेतून काय वाचायचं हा प्रश्न असतोच, आणि बहुतेक वेळा तिथे सरासरी काढून काम संपवलं जातं.

सरासरी इथे फार फसवी ठरते. दहा कॉल घ्या. नऊ ठिकाणी गाडी नऊ मिनिटांत पोचली, दहाव्या ठिकाणी एकोणपन्नास मिनिटांनी. सरासरी तेरा मिनिटं, अहवालात शोभून दिसणारी. प्रत्यक्षात तेरा मिनिटांचा अनुभव दहांपैकी एकालाही आलेला नाही. म्हणून जगभरच्या चांगल्या सेवा ‘दहापैकी नऊ रुग्णांपर्यंत किती वेळात पोचलो’ हा आकडा पाहतात, आणि उरलेला दहावा कुठे राहतो हे नकाशावर शोधतात.

नकाशाचं गणितही जुनं आहे. १९७४ मध्ये रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रेव्हेल यांनी प्रश्न मांडला: केंद्रं मोजकीच असतील, तर ती कुठे ठेवल्याने जास्तीत जास्त लोक ठरावीक अंतराच्या आत येतील? मार्क डॅस्किन यांनी १९८३ मध्ये त्यात वास्तव मिसळलं: नकाशावर ठिपका आहे, पण ती गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली असेल तर? समजा, प्रत्येक गाडी तीस टक्के वेळ कामात अडकलेली असते. मग एका गाडीच्या भरवशावरच्या वस्तीला शंभरातल्या तीस वेळा ती मिळणार नाही. दोन गाड्यांच्या टप्प्यातल्या वस्तीला दोन्ही एकदम न मिळण्याची वेळ शंभरात नऊदा येईल.

हुबळी-धारवाडला हे तंतोतंत लागू पडतं. दोन शहरांत वीसेक किलोमीटरचं अंतर, मधून जाणारा पी. बी. रोड. हुबळीच्या विद्यानगरात किम्स रुग्णालय, धारवाडच्या बाजूला सत्तूरला एसडीएम रुग्णालय, धारवाडात जिल्हा रुग्णालय. गदग, हावेरी, उत्तर कन्नडमधूनही रुग्ण किम्सला पाठवले जातात. कलघटगीची गाडी रुग्ण घेऊन हुबळीला आली की तो तालुका परतीच्या प्रवासापर्यंत उघडा पडतो. त्यात कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचर रिकामं होण्याची वाट पाहावी लागली, तर तो वेळ कलघटगीतल्या पुढच्या रुग्णाच्या वाट्यातून जातो. माझ्या मते सर्वांत आधी मोजावी अशी हीच वेळ आहे, कारण ती कमी करायला नवी गाडी विकत घ्यावी लागत नाही. पी. बी. रोडवर बीआरटीएस बसची वेगळी मार्गिका आहे. तिच्यातून रुग्णवाहिका नेल्यास गर्दीच्या तासाला किती मिनिटं वाचतात, हेही जीपीएसच्या नोंदींवरून मोजता येईल.

गाड्यांची संख्या लोकसंख्येवरून ठरते: लाखामागे एक साधी आणि पाच लाखांमागे एक प्रगत उपकरणांची रुग्णवाहिका. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ९.४३ लाख होती, म्हणजे नऊ आणि दोन. पण १५ जानेवारी २०२१ च्या सकाळी धारवाडजवळ इटिगट्टीपाशी बायपासवर ज्यांच्या टेम्पो ट्रॅव्हलरला अपघात झाला, त्या मैत्रिणी दावणगेऱ्याच्या होत्या आणि गोव्याला निघाल्या होत्या. धारवाडच्या जनगणनेत त्यांची गणती नव्हती. दहाहून अधिक जीव गेले. पुणे-बंगळूर महामार्गाचा हा सुमारे तीस किलोमीटरचा तुकडा तेव्हा दुपदरी होता. अशा रस्त्यासाठी गाडी कुठे उभी करायची हे लोकसंख्या सांगू शकत नाही. ते अपघातांच्या नोंदी सांगतात. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजेचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर त्याला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. आयआयटी मद्रासने घडवलेला अपघात-नोंदींचा ‘आयरॅड’ हा सरकारी प्रकल्प ज्या पहिल्या सहा राज्यांत सुरू झाला, त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. अपघातांच्या या नोंदींचा नकाशा आणि १०८ चा नकाशा एकावर एक ठेवून पाहायला हवेत.

मोजमापाची एक काळी बाजूही आहे. इंग्लंडमध्ये अतितातडीच्या कॉलपैकी ७५ टक्के ठिकाणी आठ मिनिटांत पोचण्याचं लक्ष्य होतं. संशोधकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा काही सेवांमध्ये आठ मिनिटांच्या अगदी अलीकडे पोचलेल्या गाड्यांचा संशयास्पद उंचवटा दिसला आणि त्यानंतर एकदम खड्डा. वेळा नंतर ‘दुरुस्त’ केल्या गेल्या होत्या. शिक्षेच्या भीतीने भरलेला रकाना खोटं बोलतो. म्हणून पायलट आणि ईएमटीला जाब विचारण्यासाठी ही आकडेवारी वापरू नये, असं मला कळकळीने वाटतं.

आणि रुग्ण जगला का? १०८ ची नोंद रुग्णालयाच्या दारात संपते आणि रुग्णालयाची तिथून सुरू होते. जून १९९० मध्ये नॉर्वेतल्या उट्स्टाइन मठात तज्ज्ञ जमले आणि हृदय बंद पडण्याच्या घटना सर्वांनी एकाच व्याख्येने, कोसळण्यापासून घरी परतण्यापर्यंत नोंदवाव्यात असं ठरलं. अमेरिकेत सिएटलजवळच्या किंग काउंटीत तर १९७६ पासून अशी नोंद ठेवली जाते. या नोंदींतून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी छाती दाबलेले रुग्ण जास्त जगतात हे दिसलं, आणि १९८०च्या दशकात तिथे फोन घेणारी माणसं कॉलवरच ‘हात छातीच्या मधोमध ठेवा, जोरात दाबा’ असं शिकवू लागली. म्हणजे घड्याळ थांबण्याची जागाच सरकली, गाडीच्या चाकांवरून छातीवरच्या पहिल्या दाबाकडे.

हुबळी-धारवाडमध्ये याची सुरुवात छोटी करता येईल. १०८ च्या कॉलचा क्रमांक कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर लिहायचा, आणि नाव-पत्ता वगळून महिनाभराने दोन्ही नोंदी जुळवायच्या, फक्त हृदय बंद पडलेल्यांच्या आणि बायपासवरच्या जखमींच्या. फोनवरच्या सूचना कन्नड, उर्दू आणि मराठीतही तयार ठेवायच्या, आणि फोन उचलल्यापासून पहिला दाब पडेपर्यंत किती सेकंद गेले, यासाठी एक रकाना वाढवायचा.