आकडा वाढला, लगेच किमो?
घरातला पेशंट : भाग ६

अंडाशयाचा कॅन्सर पोटात पसरल्यावर सापडला असेल, तर ऑपरेशन आणि किमोनं आराम पडूनही बहुतेक जणींमध्ये तो पुढं कधी तरी उलटतो. चाहूल अनेकदा रक्ताच्या तपासणीतून लागते. त्यातला सीए-१२५ हा आकडा साधारण ३५ च्या आत असावा असं मानतात. आई ठणठणीत असते, देवपूजा, भाजी निवडणं सगळं चाललेलं असतं. रिपोर्टात मात्र ८० येतात आणि घराची झोप उडते. मग मुलांचा धोशा सुरू होतो: डॉक्टर, आजच किमो लावा!

ही घाई तपासून पाहिली गेली आहे. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात काही जणींना नुसता आकडा वाढताच किमो दिली, काही जणींना त्रास सुरू झाल्यावर. पहिल्या गटाचे उपचार सुमारे पाच महिने आधी सुरू झाले, पण आयुष्य वाढलं नाही. म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवून द्यायचा, असंही नाही. तो डॉक्टरांना दाखवायचाच. त्यानंतरच्या संशोधनात, गाठी पूर्ण काढता येण्याजोग्या असतील तर निवडक पेशंटना दुसऱ्या ऑपरेशनचा फायदा दिसला आहे. निर्णय स्कॅन आणि आईची तब्येत पाहून होतो, एकट्या आकड्यावर नाही.

डॉक्टर हमखास विचारतील : कार्बोप्लॅटिन या किमोच्या औषधाचा शेवटचा डोस कधी झाला? त्याला सहा महिन्यांहून जास्त काळ लोटला असेल, तर त्याच गटातलं औषध पुन्हा लागू पडण्याची आशा बरी असते. आजार त्याआधीच उलटला तर सहसा वेगळी औषधं निवडतात. ही तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. बीआरसीए या जनुकांची तपासणी झाली नसेल तर विचारा. तिच्यावर ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा निर्णय अवलंबून असतो, आणि दोष सापडलाच तर तो मुलामुलींपैकी प्रत्येकात येण्याची शक्यता निम्मी असते.

कार्बोप्लॅटिन दुसऱ्या फेरीत देताना ॲलर्जीचा धोका वाढतो. पहिल्या वेळी काही झालं नव्हतं, म्हणून सलाईन लावून कँटीनला जाऊ नका. तळहाताला खाज, चेहरा लाल, धाप यांपैकी काहीही दिसलं की सिस्टरला हाक मारा. घरी ताप १००.४ झाला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. पोटात कळा, उलट्या आणि गॅसही सरत नाही, अशा वेळी जुलाब होण्याचं औषध मुळीच देऊ नका. आतडं अडलेलं असू शकतं.

‘आईला सांगू नका हं’ असं डॉक्टरांच्या कानात सांगणारी मुलं प्रेमानंच सांगतात, पण चुकतात. उलटलेला आजार बहुधा समूळ जात नाही, तो आटोक्यात ठेवायचा असतो. अशा वेळी किती किमो सोसायची, नातवाच्या मुंजीसाठी एक डोस पुढं ढकलता येईल का, हे तिनं ठरवायचं. वेदनाशमन करणाऱ्या पॅलिएटिव्ह डॉक्टरांना शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवू नका, किमो चालू असतानाच भेटा. आणि पुढच्या तपासणीला आईचे प्रश्न तिलाच विचारू द्या, तुम्ही फक्त लिहून घ्या.