यंत्र मोजते, वाचणार कोण?

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दारात आला, की आमच्या घरात सारे हळू बोलतात. यंदा तो उतरवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, ही हमाली संगणकाला का देत नाही?"

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत १९६६ साली एलिस पेज या प्राध्यापकांनी ती मांडली. हे गृहस्थ पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवीत. त्यांच्या यंत्राला निबंध कळत नसे; ते त्याची लांबी, शब्दांची लांबी, स्वल्पविराम मोजी आणि गुण सांगे. गंमत अशी, की ते गुण माणसांच्या गुणांशी पुष्कळ जुळत! पुढे २०१४ साली लेस पेरेलमन या अध्यापकांनी विद्यार्थ्यांसह उलटे यंत्र रचले. ते भारदस्त शब्दांचे निरर्थक निबंध पाडी, आणि तपासणारी यंत्रे त्यांना भरघोस गुण देत.

हे सांगताना आम्ही दोघे हसलो. पण माझे हसू टिकले नाही. रात्री अकराला, ऐंशीव्या उत्तरपत्रिकेशी मी तरी काय करतो? अक्षर पाहतो, पाने मोजतो.

एका दीड पानी निबंधाला मी पाच गुण देऊन मोकळा झालो होतो. तो पुन्हा काढला. लिहिणारीची आजी आता तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारते, आणि ती 'ओ' देते, एवढेच त्यात होते. पाचाचे आठ केले.

यंत्राने शुद्धलेखन खुशाल तपासावे, बेरजाही कराव्यात. पण पोरांनी जिवाचे काही लिहिले, तर ते वाचायला माणूस हवा. आणि तो जागा हवा!