हिंसेच्या पायऱ्या

गावात खून पडला की दुसऱ्या दिवशी पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते : 'डोके फिरले अन् हातून होऊन गेले.' या वाक्याने आपले समाधान होते. डोके दुसऱ्याचे फिरलेले असते. आपल्याला काहीच करावयाचे उरत नाही. गुन्हेशास्त्र व मानसशास्त्र यांचे म्हणणे मात्र निराळे आहे, आणि आपण बीडकरांनी तरी ते समजून घेतले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

केज तालुक्यातील मस्साजोगचेच पाहा. ६ डिसेंबर २०२४ रोजी तेथील पवनचक्की प्रकल्पाच्या ठिकाणी पहारेकऱ्यास मारहाण झाली. सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. तीनच दिवसांनी, ९ डिसेंबरला, त्यांचे अपहरण करून त्यांना हालहाल करून ठार मारण्यात आले. खंडणीच्या आड आल्यामुळे हे घडले, असा तपासयंत्रणेचा आरोप आहे. दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम. आपण पाहावयाचा तो आरोपात मांडलेला क्रम : आधी मागणी, मग धमकी, मग मारहाण, शेवटी खून.

हिंसा दोन प्रकारची असते. एक रागाच्या भरात उसळणारी. दुसरी काही मिळविण्यासाठी हत्यारासारखी वापरलेली. ही दुसरी हिशेब करून चालते. 'कोणी बोलणार नाही' हेच तिचे भांडवल. आज शिवीगाळ पचली, तर उद्या हात उचलण्याची हिंमत होते.

पण मारणाऱ्याचे मन आड कसे येत नाही? आल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने दाखविले की, मन स्वतःची समजूत घालते : 'मी सांगकाम्या', 'चूक त्याचीच', 'तो माणूस कसला!' त्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, मोठ्या माणसाने बाहुलीला बडविलेले ज्या मुलांनी पाहिले, ती स्वतःही तिला तसेच बडवू लागली. मग घरात रोज आईला मार खाताना पाहणारे मूल काय शिकत असेल? अशी सगळीच मुले पुढे हिंसक होतात असे नाही. पण धोका वाढतो, हे खरे.

अंगावरची जखम भरते. झोपेत दचकणे, तोच प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, ती वाट टाळणे, हे मागे राहते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली या अवस्थेची स्वतंत्र विकार म्हणून नोंद केली. हा भित्रेपणा नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मार एकाला बसतो, पण त्याची मुले, साक्षीदार, शेजारी, सारेच गप्प होतात. ही गप्प बसण्याची सवय म्हणजेच पुढच्या हिंसेची पायरी.

म्हणून उपाय पहिल्या पायरीवरच हवा. अंबाजोगाईत डॉ. शैला लोहिया यांनी 'मनस्विनी'च्या द्वारा परित्यक्ता व पीडित स्त्रियांना आधार दिला. २००५ च्या कायद्याने घरातील मारझोड ही खाजगी बाब राहिलेली नाही. शेजारच्या घरातून ओरडणे ऐकू आले, तर आपण दार ठोठवावे. आणि जो बोलतो, साक्ष देतो, त्याला एकटे पडू देऊ नये. एवढे केले तरी पुष्कळ झाले.