विजयनगर टिकते तर : एका कल्पित नकाशाची शिस्त

घडलेल्या इतिहासाशेजारी न घडलेल्या इतिहासाचे चित्र मांडून पाहण्याची हौस जुनी आहे. मराठी वाचकांस ती विशेष परिचयाची झाली ती जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेने. १७६१ च्या संग्रामात विश्वासरावांना लागावयाची गोळी त्या कथेत कानाजवळून निघून जाते आणि तेवढ्या अंतराने पुढचा सारा हिंदुस्थान निराळा होतो. कथेत हे साधते, कारण कथाकाराला हवे तेवढेच दाखविता येते. नकाशाचे तसे नाही. एखादे पुरातन साम्राज्य टिकले असे मानून जगाचा नकाशा काढावयास बसले, की प्रत्येक नदीच्या दोन्ही तीरांवर कोणाचा अंमल, याचे उत्तर द्यावेच लागते. इतिहासाच्या अध्यापकास वर्गात असा नकाशा करवून घ्यावयाचा असेल तर त्याची शिस्त काय असावी, हे आम्ही आपल्याच भूमीच्या उदाहरणाने पाहू. साम्राज्य विजयनगरचे आणि भूमी पेडणे व डिचोली या दोन महालांची.

पहिला प्रश्न, इतिहासाला फाटा कोठे फोडावयाचा? विजयनगर म्हटले की कोणीही १५६५ चे तालिकोट धरतो. रामराय रणात पडला नाही असे मानले की साम्राज्य वाचते. परंतु त्या फाट्याने गोमंतकाच्या नकाशात फारसा पालट होत नाही. पोर्तुगीज १५१० पासून तिसवाडीत व १५४३ पासून बारदेश-साष्टीत बसलेले होतेच. पेडणे-डिचोली आदिलशाहीतच राहतात. फार तर १५७०-७१ साली आदिलशहाने गोव्यास व निजामशहाने चौलास घातलेले वेढे टळले असते, कारण दक्षिणेची धास्ती मिटल्यावाचून त्या दोघांस ते धाडस सुचते असे आम्हांस वाटत नाही. म्हणून आम्ही फाटा मागे नेतो. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात माधव मंत्र्याने बहामनींकडून घेतलेला गोवा जवळजवळ शंभर वर्षे विजयनगरकडे होता. तो १४७२ मध्ये महमूद गवानाने जिंकला. तो जिंकला गेला नाही, असे धरू.

आता हौशी नकाशाकार एखादा अद्भुत सेनापती निर्माण करील, किंवा वादळात शत्रूची गलबते बुडवील. त्याची गरज नाही. त्या वेळी विजयनगरच्या गादीवर दुसरा विरूपाक्ष होता आणि त्याची राजवट दुबळी होती. १४८५ मध्ये साळुव नरसिंहाने गादी घेऊन राज्य सावरले. हीच घटना पंधरा वर्षे आधी घडली असे मानावे. माणसे तीच, त्यांच्या आकांक्षा त्याच, केवळ तारीख बदलली. असा बदल आम्ही संभाव्य मानतो. तरीही गादी सावरल्याने गोवा आपोआप सावरत नाही, कारण गोव्याची किल्ली सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. बेळगाव ज्याच्या हाती नाही त्याची रसद घाट उतरत नाही. गवानानेही गोव्यापाठोपाठ १४७३ मध्ये बेळगाव घेतलेच. तेव्हा आमच्या नकाशात बेळगावही विजयनगरच्या छायेत येते, आणि त्यापोटी रायचूरचा दुआब निदान एक पिढीभर बहामनींस सोडावा लागतो. एकच फौज दोन ठिकाणी उभी राहत नाही. अशा नकाशांत हा जमाखर्च क्वचितच केलेला असतो. साम्राज्याचा रंग चहूकडे पसरतो, उणे कोठेच होत नाही.

उत्तरेची सरहद्द कोठे ओढावी? गोवा गेला तरी बहामनींना व त्यांच्यामागून आदिलशाहीला दाभोळ बंदर उरते. अरबी घोडे तेथे उतरणार आणि त्या बळावर कुडाळपर्यंतचा मुलूख त्यांच्या हाती राहणार. दाभोळकडून उतरणारा जोर व गोव्याकडून चढणारा जोर एकमेकांस भिडतात ते नेमके पेडण्यात. उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा नदी, मध्ये हा महाल. रायचूरचा दुआब जसा कधी याचा तर कधी त्याचा, तशीच पेडण्याची अवस्था झाली असती. म्हणून पेडण्यावर एक रंग न देता आडवे पट्टे ओढावेत. येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात आहे. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, त्याची ती खूण. खऱ्या सरहद्दींना असे कोपरे असतातच. ज्या कल्पित नकाशात एकही असा कोपरा नाही, त्याला आम्ही उत्तीर्ण करणार नाही.

डिचोलीचा विचार याहून नाजूक आहे. महालातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे. कदंबांचे हे दैवत मूळचे मांडवीतील दिवाडी बेटावरचे. बहामनींच्या काळात देवालय मोडले, माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मोडले तेव्हा लिंग नदीपार डिचोलीकडे नेण्यात आले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे देवालयाचा जीर्णोद्धार केला. आमच्या फाट्याने सप्तकोटेश्वर दिवाडीवरच राहतो. म्हणजे नार्व्याचे देवालय नकाशावरून पुसावे लागते. साम्राज्य टिकावे असे ज्या श्रद्धेने वाटते, त्याच श्रद्धेचे आजचे स्थान त्या टिकण्याने नाहीसे होते. विद्यार्थ्याला येथे थांबवून हे दाखवावे. रबर हाती घेताना त्याचा हात अडखळला, तर त्याला कार्यकारणभाव कळू लागला असे समजावे.

जगाच्या नकाशात मात्र पालट अपेक्षेहून थोडा आहे. १५१० मध्ये अल्बुकर्क मांडवीत शिरतो तेव्हा समोर आदिलशहाचे ठाणे नसून कृष्णदेवरायाचे आहे. रायाला घोडे हवेत, पोर्तुगीजांना घोड्यांचा मक्ता हवा. लढाईपेक्षा करार अधिक संभवतो. त्यांना बंदरात वखार मिळते, बेट मिळत नाही. प्रत्यक्षात १५३० मध्ये कोचीनहून गोव्यास आलेली राजधानी कोचीनलाच राहते. मलाक्का व होर्मुझ त्यांच्या आरमाराने जिंकले असल्यामुळे, तेथील रंग आम्ही बदलत नाही. ब्राझीलचा तर प्रश्नच नाही.

उरतो भाषेचा नकाशा, आणि आमच्या वाचकांस तोच जिव्हाळ्याचा वाटेल. गोव्यात राजधानी नाही म्हणजे १५५६ चा छापखाना नाही, रायतूरचे धर्मपीठ नाही, आणि १६१६ चे फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ही नाही. मराठी ओवीचा एवढा मोठा ग्रंथ आपण आपल्या हाताने खोडतो. पण तेवढ्याने भागत नाही. आदिलशाहीत इब्राहिम आदिलशहाच्या काळापासून महसुलाचे हिशेब देशी भाषेत लिहिले जाऊ लागले, आणि पुढे मराठी राज्य आले. डिचोलीच्या दप्तरात मराठी रुजली ती या दोन वाटांनी. दोन्ही वाटा आमच्या नकाशात बंद आहेत. शहाजी-शिवाजींचा उदय निजामशाही-आदिलशाहीच्या चाकरीतून व तिच्याविरुद्धच्या झगड्यातून झाला. ती भूमीच बदलल्यावर तो तसाच होईल असे धरता येत नाही. विजयनगरच्या दप्तराची भाषा कानडी. गोव्यातील जुने कागद गोयकानडी लिपीत लिहिलेले आढळतात, तेव्हा ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. भाषेच्या नकाशात डिचोलीवर घरची भाषा कोंकणी व कचेरीची कानडी अशी नोंद येईल. मराठीची सीमा पेडण्याच्या पट्ट्यांत कोठेतरी थांबेल, आणि नार्व्याच्या जागी नदीकाठची रिकामी जमीन दाखवावी लागेल.