विश्लेषण : लेखी परीक्षेविना लष्करात अधिकारी? एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र कसे उपयोगी ठरते?

लष्करी अधिकारी व्हायचे तर ‘एनडीए’ किंवा ‘सीडीएस’ची लेखी परीक्षा द्यावीच लागते, असा समज आहे. मात्र महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेचे (एनसीसी) प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी ‘एनसीसी स्पेशल एन्ट्री’ हा वेगळा मार्ग आहे. अनेकांना त्याची माहिती पदवीच्या शेवटच्या वर्षी मिळते, तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

प्रवेश कोणाला?

उमेदवार अविवाहित, १९ ते २५ वयोगटातील आणि किमान ५० टक्के गुणांसह पदवीधर असावा. अंतिम वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. एनसीसीच्या वरिष्ठ विभागातील ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळालेले असावे. ही प्रवेश योजना युवक आणि युवती दोघांसाठी आहे. युद्धात हुतात्मा वा जखमी झालेल्या सैनिकांच्या पाल्यांना ‘सी’ प्रमाणपत्राची अट नाही.

पहिले वर्ष महत्त्वाचे का?

दुसऱ्या वर्षानंतर ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. त्यासाठी कवायतीची हजेरी आणि शिबिरेही पूर्ण करावी लागतात. त्यामुळे पहिल्या वर्षी नोंदणी चुकली, तर तीन वर्षांच्या पदवीत हे गणित जुळणे कठीण होते.

निवड कशी होते?

अर्ज सैन्याच्या भरती संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा असतो. एका तुकडीतील जागा शंभराहूनही कमी असतात. अर्जांची छाननी होत असल्याने पदवीचे गुण निर्णायक ठरू शकतात. निवडलेल्यांना थेट सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) पाच दिवसांच्या मुलाखतीला बोलावले जाते. पहिल्याच दिवशीच्या चाळणीत बाद झालेल्यांना परत पाठवतात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि मुलाखत होते. त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी. थोडक्यात, लेखी परीक्षा टळते, कस लागणे टळत नाही.

राज्यात तयारीची सोय कुठे?

राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे नाशिकरोड येथे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे ‘एसएसबी’ची तयारी मोफत करून घेतली जाते, निवास व भोजनाचा खर्चही नाही. ‘सी’ प्रमाणपत्र ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणीत मिळालेले आणि एनसीसी ग्रुप मुख्यालयाची शिफारस असलेले उमेदवार त्यासाठी पात्र ठरतात. खासगी शिकवण्यांचे शुल्क न परवडणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी ही सोय मोलाची आहे.

पुढे काय?

चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण होते. या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. त्यानंतर लेफ्टनंट म्हणून नियुक्ती होते. ही नियुक्ती अल्पसेवा स्वरूपाची, म्हणजे १० वर्षांची असते आणि चार वर्षांनी वाढू शकते. पात्र अधिकाऱ्यांचा कायम नियुक्तीसाठी विचार होतो. १० किंवा १४ वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना मात्र निवृत्तिवेतन नसते, उपदान मिळते. म्हणजे पस्तिशीच्या आसपास दुसरे करिअर उभे करावे लागू शकते. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी अर्ज भरण्यापूर्वीच याचा विचार केलेला बरा.