‘ट्रिपल निगेटिव्ह’ स्तनकर्करोग : धोका कोणाला, सावध कधी व्हावे?

स्तनाचा कर्करोग म्हटला की पन्नाशी ओलांडलेली स्त्री डोळ्यांसमोर येते आणि तपासणीचे सल्लेही बहुधा तिलाच दिले जातात. मात्र या रोगाच्या सर्वांत आक्रमक प्रकारांपैकी एक अनेकदा पस्तिशी-चाळिशीतील स्त्रीला गाठतो. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ या नावाने तो ओळखला जातो.

स्तनातील गाठीत कर्करोग आढळला की त्या पेशींमध्ये तीन गोष्टी शोधल्या जातात. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर या पहिल्या दोन आणि ‘हर-२’ नावाचे प्रथिन ही तिसरी. रिसेप्टर हे पेशीचे कुलूप मानले, तर संप्रेरक ही त्याची किल्ली होय. किल्ली बसली की पेशीला वाढीचा संदेश मिळतो. टॅमॉक्सिफेनसारखी औषधे हे कुलूपच अडवून धरतात, तर हर-२ वर ट्रास्टुझुमॅबचा मारा करता येतो. या तिन्ही गोष्टी नसतील, तर ही औषधे निरुपयोगी ठरतात. मग केमोथेरपी हाच उपचाराचा मुख्य आधार उरतो. अलीकडे निवडक रुग्णांसाठी तिला इम्युनोथेरपीची जोड मिळाली आहे.

पाश्चात्त्य देशांत स्तनकर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे १० ते १५ टक्के महिलांना हा प्रकार होतो. भारतातील रुग्णालयांच्या अभ्यासांत हे प्रमाण बहुधा पाव ते एक तृतीयांश इतके भरते. आपल्याकडील रुग्ण तुलनेने तरुण असणे, हे त्यामागील एक कारण मानले जाते.

धोका वाढविणारे घटक

पहिला घटक वयाचा. मासिक पाळी सुरू असलेल्या, विशेषतः चाळिशीच्या आतील महिलांत कर्करोग आढळल्यास तो या प्रकारचा असण्याची शक्यता अधिक असते.

दुसरा घटक आनुवंशिकतेचा. ‘बीआरसीए-१’ हे जनुक पेशीतील डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. त्यात जन्मतः बिघाड असलेल्या महिलांना स्तनकर्करोग झाल्यास तो बहुतांश वेळा ट्रिपल निगेटिव्ह असतो. हा बिघाड आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे केवळ आई-मावशीची विचारपूस पुरेशी नाही. आत्या, वडिलांची आई, चुलत बहिणी यांच्यापैकी कोणाला तरुण वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हेही घरात विचारले पाहिजे. आपल्याकडे हा आजार कुजबुजीतच राहतो आणि पुढच्या पिढीला उपयोगी पडणारी माहिती तिथेच विरून जाते.

तिसरा घटक मातृत्वाशी निगडित आहे. संप्रेरकांवर वाढणाऱ्या कर्करोगाचा धोका बाळंतपणामुळे पुढील आयुष्यात कमी होतो. ट्रिपल निगेटिव्हच्या बाबतीत मात्र तसे संरक्षण आढळत नाही. स्तनपानाने हा धोका काही अंशी कमी होत असल्याचे अनेक अभ्यास सांगतात. पाळी सुरू असतानाच्या वयातील स्थूलतेचाही, विशेषतः पोटाभोवतीच्या चरबीचा, या प्रकाराशी संबंध दिसून आला आहे.

यादीत नाव नसले तरी

धोक्याचा घटक म्हणजे आजाराचे कारण नव्हे. या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत बीआरसीए जनुकाचा बिघाड सापडत नाही. दोन्ही मुलांना अंगावर पाजलेली, सडपातळ, घराण्यात कोणालाही कर्करोग नसलेली स्त्रीही याची शिकार होऊ शकते. तिने काही चुकीचे केले म्हणून हे घडले, असा ठपका तिच्यावर ठेवणे अन्यायाचे आहे.

म्हणूनच धोक्यांच्या यादीपेक्षा हाताला लागलेली गाठ महत्त्वाची. येथेच दोन फसवे वळसे आहेत. बाळंतपणानंतर जाणवलेली गाठ ‘दुधाची असेल’ म्हणून महिनोन्महिने सोडून दिली जाते. शिवाय ट्रिपल निगेटिव्ह गाठ सोनोग्राफीत कधी कधी गोल, गुळगुळीत कडांची, म्हणजे साध्या गाठीसारखी दिसते. संशय असल्यास सुईने तुकडा काढून केलेली बायोप्सीच निर्णायक ठरते.

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांचा दीर्घकालीन अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे ५० वर्षे व त्यावरील महिलांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याखालील वयोगटात मात्र तशी ठोस घट दिसली नाही. वेगाने वाढणारी गाठ दोन तपासण्यांच्या मधल्या काळातही डोके वर काढू शकते. गोव्यात ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ उपक्रमातून गावोगावी स्तनतपासणी पोहोचली, ही जमेची बाजू आहे. पण गेल्या शिबिरात सर्व ठीक होते, हे आज जाणवणाऱ्या गाठीकडे दुर्लक्ष करण्याचे कारण होऊ शकत नाही.

नवी गाठ, स्तनाच्या आकारातील बदल, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. पाळी येऊन गेल्यानंतरही गाठ कायम असेल, तर अधिक थांबू नये. निदान ट्रिपल निगेटिव्ह झाल्यास जनुकीय चाचणीबाबत डॉक्टरांना अवश्य विचारावे. तिच्या निष्कर्षावर रुग्णाचे काही उपचार अवलंबून असतात. तसेच बहिणी-मुलींना वेळीच सावध करता येते.

हा रोग परतण्याचा धोका उपचारानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक असतो, तर पाच वर्षांनंतर तो बराच ओसरतो. लवकर सापडलेल्या ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगातून अनेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. त्यासाठी गाठ लहान असतानाच दवाखान्याची पायरी चढायला हवी.