चढाईचा गाजावाजा, कोपऱ्याचा सामना

२०१८ च्या ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताचा पुरुष कबड्डी संघ उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ असा हरला. १९९० मध्ये बीजिंगला या स्पर्धेत कबड्डी आली, तेव्हापासून २०१४ पर्यंतची सातही सुवर्णपदकं आपली होती. मध्यंतराला ९-९ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात इराणने १८ गुण घेतले, आपण पुन्हा ९ च. संघात अजय ठाकूर होता, प्रदीप नरवाल होता. म्हणजे चढाईत त्या काळी जगात यांच्या वर कोणी नव्हतं. दुसऱ्याच दिवशी महिलांचा अंतिम सामनाही इराणने २७-२४ असा जिंकला.

नागपुरात त्या आठवड्यात पानठेल्यांवर एकच निदान चाललं होतं: इराणी पोट्टे म्हणजे पैलवान, आपले हलके, साखळीतले सामने चपळाईवर निघतात, बाद फेरीत शेवटी अंगच लागतं. वाद जुना आहे आणि फक्त कबड्डीचा नाही. पण कबड्डीत तो जेवढा नीट तपासता येतो तेवढा दुसऱ्या कुठल्या खेळात येत नसावा. कारण इथे अंग आणि वेग समोरासमोर येतात, तेही एका चढाईच्या तीस सेकंदांत.

विदर्भाचा या खेळावर हक्क आहे, हे जरा अभिमानाने नोंदवतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांपुढे केलं ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने. राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भ आजही महाराष्ट्रापासून वेगळा संघ उतरवतो. २०१७ मध्ये बंगळूरु बुल्सना स्वतःच्या शहरात स्टेडियम मिळालं नाही, तेव्हा प्रो कबड्डीतले त्यांचे ‘घरचे’ सामने मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात झाले. नागपूरकरांनी बंगळूरुला आपलं म्हणून आरडाओरडा केला. त्या हंगामात बुल्स बाद फेरीपर्यंत पोहोचले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आता वजनाचं. कबड्डीने हा प्रश्न निम्मा तर नियमातच सोडवून टाकला आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वरिष्ठ पुरुष खेळाडू ८५ किलोंच्या आत लागतो, महिला ७५ च्या आत. गावोगावच्या स्पर्धा तर वजनगट ठरवूनच होतात. सामन्याच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहायचं म्हणून आदल्या रात्री उपाशी झोपणारी पोरं कुठल्याही तालुक्याला भेटतील. म्हणजे ‘हत्ती विरुद्ध हरीण’ असा सामना कबड्डीत होतच नाही. इराणी खेळाडूही त्याच ८५ किलोंच्या आतले होते. त्यांच्यातले बरेच कुस्तीतून आले होते, आणि कुस्ती वजन शिकवते त्याहून जास्त शिकवते ती पकड: समोरच्याचा तोल कोणत्या क्षणी कोणत्या पायावर आहे ते ओळखणं.

जगनाडे चौकातून नंदनवनात शिरलं की लेआउटांच्या मधोमध मोकळी मैदानं लागतात. संध्याकाळी पाणी मारून धूळ बसवलेली, फक्की मारून आखलेली. अशाच एका मैदानावर सरावात डाव्या कोपऱ्यात एक काटकुळा मुलगा उभा होता. शेजाऱ्याचा हात घट्ट धरलेला, गुडघे वाकवलेले, नजर खाली. चढाईला येणारा त्या मैदानावरचा सगळ्यात वेगवान पोरगा. तो आला, पाय फेकला, गेला. पुन्हा आला, हूल दिली, गेला. तिसऱ्यांदा कोपऱ्यातल्या पोराला राहवलं नाही. त्याने सूर मारला आणि चढाईपटूची टाच त्याच्या बोटांतून निसटली. शिकवणारे सर तिथूनच ओरडले, “घाई काहून करून राह्यला बे? त्याले थांबू दे ना आधी!” पोरगा कपडे झटकत पुटपुटला, “सर, तो थांबतच नाही ना.” सर म्हणाले, “थांबते. वळाले लागते ना त्याले. तवा त्याचा पाय पाह्य, तोंड नको पाहू.”

सरांच्या या दोन वाक्यांत भौतिकशास्त्र आहे. चढाईपटू कितीही वेगवान असो, त्याला परत यायचं असतं. दिशा बदलायची तर आधी वेग मारावा लागतो, आणि त्या निमिषात सगळा भार एका पायावर येतो. कोपरारक्षक वेगाशी शर्यत लावत नाही, तो हा पाय येण्याची वाट पाहतो. लवकर गेला तर हाताला हवा लागते, उशिरा गेला तर लाथ.

पकड झाल्यावर मात्र हिशेब बदलतो. पुरुषांच्या मैदानात निदानरेषा, म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागणारी रेषा, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते. चांगल्या उंचीचा खेळाडू आडवा पडून हात ताणतो तेव्हा पायाच्या बोटापासून हाताच्या बोटापर्यंत सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे निदानरेषेवर घोटा धरला गेला, तर त्याला बचावपटूला दीडेक मीटर ओढत न्यायचं असतं. इथे किलो लागतात. घोटा धरणारा एकटा पुरत नाही. बाजूचा मध्यरक्षक कमरेला येऊन पडावा लागतो, आणि तो जड असला तर बरंच. अंगाची किंमत कबड्डीत आहेच, पण ती पकडीच्या नंतर वसूल होते. आधीचा अर्धा सेकंद वजनकाट्यावर मोजता येत नाही.

मातीची जागा मॅटने घेतल्यावर हे आणखी टोकदार झालं. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो, वळायला वेळ लागतो. मॅटवर बूट चिकटतो, चढाईपटू जागच्या जागी फिरतो. सगळ्यांना वाटलं, आता चढाईचं राज्य. काही वर्षं होतंही. पण मॅटवर बचावपटूही बिनधास्त सूर मारू लागला, कारण कोपर-गुडघे सोलवटत नाहीत.

बाद फेरीत काय होतं, याचा पुरावा म्हणून प्रो कबड्डीचे २०१४ ते २०२४ या काळातले अकरा अंतिम सामने घेऊ. पहिल्या चार अंतिम सामन्यांत दोन्ही संघांचे मिळून गुण ५९, ६६, ५९, ६६. मग २०१७ चा चेन्नईतला सामना आला: पाटणा पायरेट्स ५५, गुजरात ३८, बेरीज ९३. गुजरातकडे फजल अत्राचली आणि अबोझार मोहाजेरमिघानी हे दोन इराणी. त्या हंगामात बचावाची एवढी धास्ती दुसऱ्या कोणाची नव्हती. प्रदीप नरवालने एकट्याने १९ गुण काढले. त्याच हंगामात बाद फेरीतच हरियाणाविरुद्ध त्याने एका सामन्यात चढाईचे ३४ गुण घेतले होते, पाटण्याने तो सामना ६९-३० असा जिंकला. त्याची डुबकी म्हणजे बचावपटूंच्या साखळीच्या हातांखालून वाकून निसटणं. समोर उभ्या असलेल्या अंगाचा तिथे काही उपयोग नसतो, ते फक्त वरून पाहतं. पुढच्या हंगामातही तेच. ५ जानेवारी २०१९ ला मुंबईत बंगळूरुने गुजरातला ३८-३३ असं हरवलं; त्यातले २२ गुण पवन सेहरावतचे, उड्या मारत.

म्हणजे पानठेल्यावरचं निदान चुकीचं? थांबा. यानंतरच्या अंतिम सामन्यांच्या बेरजा अशा: २०१९ मध्ये ७३, पुढच्या हंगामात पुन्हा ७३, २०२२ मध्ये ६२, मार्च २०२४ मध्ये ५३, डिसेंबर २०२४ मध्ये ५५. अकरा सामन्यांवरून सिद्धांत मांडू नये, मलाही कळतं. पण उतार डोळ्यांत भरतो, आणि त्याचं कारण नियमांत सापडतं.

प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद. साखळीत संघ सैलपणे खेळतात, पहिल्याच चढाईत धाडस करतात; हरले तरी पुढे सामने असतात. बाद फेरीत कोणी पहिल्या दोन चढायांत जीव धोक्यात घालत नाही. निदानरेषा ओलांडायची, तीस सेकंद काढायचे, परत यायचं. चाळीस मिनिटांच्या सामन्यात पूर्ण वेळेच्या ऐंशी चढाया बसतात, प्रत्येक संघाच्या वाट्याला चाळीस. त्यातल्या बहुतेक अशा वाया घालवल्या, तर उरलेल्या निर्णायक चढायांत बचावाला आधीच ठाऊक असतं की समोरचा आज येणार म्हणजे येणार. वेगाचं मुख्य हत्यार म्हणजे ‘कधी’ हे गुपित. नियम ते काढून घेतो. वर तीन किंवा कमी बचावपटू मैदानात असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण. हरत असलेल्या बचावालाही धाडस परवडतं.

जकार्तात इराणने हेच केलं, असं मला त्या सामन्याकडे पाहताना वाटतं. त्यांनी आपल्याला पळू दिलं नाही, त्याहीपेक्षा स्वतः हलले नाहीत. २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात हाच इराण मध्यंतराला १८-१३ ने पुढे होता. अजय ठाकूरने १२ गुण घेत तो सामना भारताला ३८-२९ असा काढून दिला, तेव्हा आपण बक्षीस समारंभात मग्न झालो. मध्यंतरापर्यंतच्या गुणफलकात दोन वर्षांनंतरची बातमी होती.

आपल्याकडेही बलदंड चढाईपटू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई, ‘बाहुबली’ म्हणून ओळखला जाणारा. पहिल्याच हंगामात यू मुंबाकडून त्याने चढाईचे २१८ गुण घेतले, अंगावर दोन-दोन बचावपटू घेऊन मध्यरेषा गाठली. पण बाद फेरीत यू मुंबा पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाकडून ३४-२९ असे गारद झाले. यूपीच्या उजव्या कोपऱ्यात नितेश कुमार होता, एका हंगामात पकडीचे शंभर गुण गाठणारा पहिला खेळाडू. म्हणजे बाद फेरीत ‘ताकद’ जिंकते असं म्हणायचं, तर कोणाची, चढणाऱ्याची की अडवणाऱ्याची, ते आधी सांगावं लागेल.

दूर उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीत हा वाद दरवर्षी स्टॅनली कपच्या मोसमात पेटतो. तिथला एक दाखला ऐकण्यासारखा आहे. टॅम्पा बे हा वेगवान, कलाकार खेळाडूंचा संघ. २०१८-१९ च्या हंगामात त्यांनी ६२ सामने जिंकले आणि बाद फेरीत पहिल्याच टप्प्यावर कोलंबसने त्यांना ४-० असं झोडपलं. त्यांनी आपले कलाकार विकले नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्लेक कोलमन आणि बार्कले गुड्रो हे दोन राबणारे, अंगावर घेणारे खेळाडू आणले, आणि २०२० व २०२१ चे दोन्ही चषक नेले. वेग तोच राहिला, त्याच्याभोवती दम भरला.

प्रो कबड्डीत दबंग दिल्लीचं २०२२ च्या फेब्रुवारीतलं विजेतेपद मला याच जातीचं वाटतं. समोर पाटणा, त्यांच्या डाव्या कोपऱ्यात तरुण, तगडा महंमदरझा शादलोई. दिल्लीच्या बचावात मनजित छिल्लर, जोगिंदर नरवाल, संदीप नरवाल असे उतारवयाकडे झुकलेले जुने खोंड. चढाईत विजय मलिकने १४ आणि नवीन कुमारने १३ गुण आणले. निकाल ३७-३६. एका गुणाच्या सामन्यातून कोणी काहीही सिद्ध करावं. पण ते खोंड घाई करत नव्हते, एवढं दिसलं.

पैसा मात्र २०२३ मध्येही चढाईमागेच धावत होता. दहाव्या हंगामाच्या लिलावात तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. त्याच लिलावात पुणेरी पलटणने शादलोईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. टायटन्स २२ सामन्यांत दोन जिंकून तळाला राहिले. यात दोष पवनचा नाही, त्याच्या पाठीमागे बचाव उभाच नव्हता. पुण्याने १७ जिंकले, अवघे दोन हरले. शादलोईचे हंगामात पकडीचे ९९ गुण झाले, आणि अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणाला अंतिम फेरीत २८-२५ असं हरवलं. त्या कोंडलेल्या सामन्यात फरक पाडला तो पंकज मोहितेच्या एका बहुगुणी चढाईने. पुढच्या हंगामात शादलोई हरियाणाकडे गेला, तेव्हा चषक हरियाणाने नेला, ३२-२३.

नंदनवनच्या त्या मैदानावर मात्र संघ वाटताना पहिले सगळे चढाईलाच हात वर करतात. कोपऱ्यात कोण उभं राहणार, हे सरांनाच ठरवावं लागतं. त्या काटकुळ्या पोरालाही त्यांनीच तिथे उभं केलं होतं. मी त्यांना विचारलं की वजनाचा एखादा गडी त्या जागी नको का. ते म्हणाले, “वजन दोन महिन्यांत चढते, भाऊ. हा पोट्टा उभा राह्यतो, ते शिकवाले मले दोन वर्षं लागले असते.”